पंखाखालची कातडी

नत्थूजींनी पोह्यांना हात लावला नाही. बशी बाजूला सारून ते थेट अंगणातल्या खुराड्यापाशी गेले.

"पाचच हायत?"

"पाचच, मामाजी," अमोल म्हणाला.

काय मामाजी! अजून सोयरिक ठरली नाही, अन् हा नातं जोडून मोकळा! नत्थूजी पांढऱ्याशुभ्र मिशीवरून हात फिरवत मनात चरफडले. भिवापूरला हे घर पाहायला ते आले होते ते निव्वळ काजलच्या हट्टापायी. लग्न करीन तर याच्याशीच, म्हणून पोरीनं आठ दिवस धड अन्न खाल्लं नव्हतं. पोरगा भेटला कुठं, असं विचारलं तर म्हणे, "बाजारात." पुढं तोंडाला कुलूप. आईविना वाढवलेली एकुलती एक लेक अशी लपवाछपवी करते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

"कोनती जात?"

"कडकनाथ म्हणून घेतल्या."

म्हणून घेतल्या! हे काय उत्तर झालं?

कोंबड्या काळ्या कुळकुळीत होत्या. तुरा काळा, पाय काळे. दुसरा कोणी भुलला असता. पण नत्थूजींची हयात जरीपटक्याच्या बाजारात कोंबड्या विकण्यात गेली होती. त्यांनी एक काखेत धरून चोच उघडली. जीभ गुलाबी! खऱ्या कडकनाथाची जीभसुद्धा काळपट असते. पंख उचलून पिसांत फुंकर मारली. कातडी पांढरीफटक. तिथवर कोण कशाला बघतो? काम सफाईदार होतं, हे मात्र त्यांना मनातल्या मनात मानावंच लागलं.

"खोबरेल आण गा जरा. पाण्यानं नाही निघत."

अमोलनं बाटली आणून दिली. नत्थूजींनी दुपट्ट्याचा कोपरा तेलात भिजवून तुरा रगडला. दुपट्टा काळा झाला अन् तुरा लालभडक.

"कलप हाय हा! केसाचा कलप!" ते कडाडले. "मुक्या जिवाले रंग फासणारा मानूस माझ्या लेकीले काय सुखात ठेवन? नाही देत मी पोरगी!"

चहा घेऊन आलेली अमोलची आई दारातच थबकली. अमोलचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"मी नाही रंगवल्या, मामाजी."

"तुले माहीत नव्हतं?"

"होतं. घेतल्या त्याच दिवशी कळलं."

"पाहा! मंग परत काहून नाही केल्या? पोसून काहून राहिला?"

अमोलनं त्यांच्या हातातली कोंबडी अलगद काढून घेतली. त्याची नजर क्षणभर त्यांच्या काळवंडलेल्या नखांवर थांबली.

"तुमच्याच दुकानातून घेतल्या. तुम्ही जेवायले गेले होते, दुकानात काजल होती. मी बस स्टॉपवर पोचलो, तर ती धापा टाकत मागं आली. म्हणे, 'परत देऊन टाका, माझ्या बाबानं कलप लावला हाय.'" त्यानं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "कोंबड्या काही मी परत केल्या नाही, मामाजी. घरी आलो अन् आईले सांगितलं, लग्न करीन तर याच पोरीशी."