कोपरावरची निळी लोकर

"त्यानं मान हलवली की माणूस गेलाच म्हणून समज," शेजारीण कुजबुजली.

चौकात गल्लीतले चाळीस पुरुष रांगेत उभे होते. तोंडावर काळं फडकं बांधलेला खबऱ्या एकेकासमोर थांबत पुढे सरकत होता.

आईचा जीव टांगणीला लागला होता. रांगेत सतरावा तिचा धाकटा. औषधाच्या दुकानात कामाला होता. तो चोरून डोंगरातल्या बंडखोरांना औषधं पोचवतो, हे घराबाहेर एकालाच माहीत होतं, डोंगरात गेलेल्या थोरल्याला. आणि दोन महिन्यांपूर्वी थोरला पकडला गेल्याची कुणकुण होती.

छावणीतला मेजर तसा वाईट नव्हता. त्यानं नळ दुरुस्त करवला, दवाखाना उघडला. "बंदुकीनं डोंगर जिंकता येतो, गल्ली नाही," असं म्हणायचा. आत्ताही रांगेकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो बायकांमध्ये फिरत होता, "सावलीत उभ्या राहा" म्हणत होता आणि एकेकीचा चेहरा न्याहाळत होता.

"कोण असेल गं हा?" आईनं विचारलं.

"आपल्यातलाच कुणीतरी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!"

खबऱ्या जवळ आला. एवढ्या उन्हातही त्याच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. उजव्या कोपरावर निळ्या लोकरीचं रफू. तपकिरी लोकर संपली म्हणून आईनंच निळी वापरली होती.



खबऱ्या सतराव्यासमोर थांबला. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता मान हलणार, एवढंच तिला कळलं, आणि ती शिपायांना ढकलून पुढे धावली.

"मेल्या, सख्ख्या भावाला दाखवतोस? तुला गोळी लागली तेव्हा यानंच औषधं आणून जगवलं ना रे तुला! माझ्याच पोटचा ना तू?"

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. मेजरनं हळूच खूण केली. धाकट्याला गाडीत बसवलं. कुणी त्याच्यावर हातसुद्धा उगारला नाही.

छावणीत पोचल्यावर खबऱ्यानं फडकं सोडून घाम पुसला. तो छावणीतला आचारी होता.

"उकडून मेलो, साहेब," तो स्वेटर काढत म्हणाला. "हा आता कोठडीतल्या त्या पोराला परत देऊ ना? दोन महिने मार खातोय, पण अजून स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही त्यानं."