अकराशे दोनमध्ये राहतं कोण?

तनुजानं आत आल्या आल्या आधी न्हाणीघराचं दार उघडलं, तेव्हाच बायडाबाईंच्या मनात आलं, ही पोरगी घर बघायला आलीय की भूत शोधायला?

महापालिकेच्या कर खात्यातली पोर. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चपला मात्र न सांगता दाराबाहेर काढलेल्या. तेवढ्यावरून बायडाबाईंनी तिला बरी ठरवून टाकलं होतं. मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत चाळीस टक्के सवलत. राहतो की नाही, ते बघायला ती आली होती. थोरल्या लेकानं, संपतनं, सकाळीच ऐकवलं होतं, "आये, सवलत मिळाली तर अकराशे दोन नंबरचं घर तुझं. नाय मिळाली तर पुढच्या महिन्यापास्नं कंपनीतल्या पोरांना भाड्यानं. पुरी पट्टी भरून रिकामं घर कोण ठेवतंय?"

'रिकामं' म्हटल्यावर बायडाबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं होतं. पन्नाशीचा संपत, पण खाली बघायला लागला.

मग पाहुणी यायच्या आत त्यांनी घर चकाचक केलं. अंथरूण, मिश्रीची डबी, काठी, धुवट लुगडी, सगळं तिसऱ्या मजल्यावर संपतकडं धाडलं. त्याच्याकडनं काचेचे कप अन् प्लास्टिकची फुलं वर आणवली. सरकारी माणसापुढं घर कसं दिसावं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"आजी, बादली कोरडी आहे," तनुजा म्हणाली.

"मग?"

"माणूस राहतं तिथं बादली भरलेली असते. निदान ओली तरी."

"खडकवासला धरण त्या डोंगरामागं, अन् आमी टँकरवर. पाणी तुमी सोडत नाय, अन् पाणी नाय म्हणून माणूस नाय व्हय? अकराव्या मजल्यापतुर चढंस्तवर त्या पाण्याला धाप लागती. अंगुळ खाली, संपतकडं."

"आणि जेवण?"

"तेबी खालीच."

तनुजा स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर किमतीची चिठ्ठी तशीच होती. मिठाच्या बरणीत मीठ नव्हतं.

बायडाबाई तिच्या मागं मागं. रागापेक्षा त्यांना नवलच जास्त वाटत होतं. येणारा जाणारा फरशी बघतो, खिडकीची उंची बघतो, वा वा म्हणतो. ही दारामागं बघत होती, नळाखाली बघत होती, विजेच्या बटणांवर बोट फिरवत होती.

"काय शोधतीस गं एवढं?"

"तुम्हालाच, आजी."

बायडाबाईंना हसू आलं. त्यांनी ते गिळलं.

तनुजानं टॅब छातीशी धरला. "खरं सांगू? इथं कुणी राहतं असं दिसत नाही."

दारात उभ्या संपतनं फोन खिशात टाकला. "मॅडम, आमचं काय म्हणणं नाय. तुमाला दिसंल ते लिवा."

विनवण्या करायची सवय बायडाबाईंच्या जिभेला नव्हती.

तनुजा निघाली आणि खिडकीपाशी थबकली. तिथं पतपेढीचं कॅलेंडर टांगलं होतं, जमिनीपासून हातभर उंचीवर.

"एवढ्या खाली कॅलेंडर कोण लावतं?"

"बसून वाचायला," बायडाबाई म्हणाल्या.

"आये, तुला कधी वाचता आलं?" संपत म्हणाला.

"तुला तरी कुठं येतंय? तोंड मिट."

तनुजानं खाली बसून कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तळहाताएवढा तेलकट, पिवळट डाग होता. शेजारी मिश्रीची चार तपकिरी बोटं उठलेली. डागाभोवती घासल्याच्या खुणा.

"सोड्यानं घासला," बायडाबाई पुटपुटल्या. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली गेला होता. "लिंबानं घासला. जात नाय. नव्या घराची भिंत... पाहुण्यांना काय दाखवायची?"

"कशाचा आहे?"

"डोक्याचा. दुसरा कशाचा असणार?"

त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. पाठ भिंतीला लागली, मान मागं गेली, आणि डोकं न चुकता डागावर टेकलं. मागं वळून बघावं लागलं नाही. नवी कोरी इमारत, लिफ्ट, कप, फुलं, आणि मधोमध ही बाई: जणू भिंत बांधतानाच तिथं बसवली होती.

"झोपता पण इथंच?"

"अंथरूण इथंच असतंय. आज खाली ठेवलंय. पाहुणी येणार, म्हणून."

संपत आईकडं बघत राहिला. "आये, दिवसभर हितंच बसतीस?"

"तुझ्याकडं टीव्ही असतो."

त्या उठल्या, तशी तनुजाच त्यांच्या जागी बसली. त्यांच्यासारखीच मान मागं टेकून तिनं बाहेर पाहिलं. फरशीपर्यंत उतरलेल्या खिडकीच्या गजांतून ना आभाळ दिसत होतं, ना डोंगर. दोन इमारतींच्या फटीतून खाली फक्त एक विहीर दिसत होती, लोखंडी जाळी टाकलेली.

"ती तुमची होती?"

"व्हय. बिल्डिंगीखालची जमीनबी आमचीच, तिच्या बदल्यात ही घरं."

"पाणी आहे तिला?"

"रगड हाय. सोसायटीचं कारंजं चालतंय त्याच्यावर."

तनुजा बघतच राहिली. बायडाबाईंनी थोडा वेळ दम धरला, मग काठी नव्हती म्हणून पायाच्या अंगठ्यानंच तिला हळूच ढोसलं.

"ऊठ आता. माझी जागा हाय ती."

तनुजा उठली. डोक्यामागं हात फिरवला, तर बोटांना खोबरेल लागलं. टॅबवर 'मालक स्वतः राहतात का?' असं विचारलेलं होतं, खाली दोन चौकोन: आधी 'हो', मग 'नाही'. तिनं बोट पुसलं नाही. तेच पहिल्या चौकोनावर टेकवलं, आणि काचेवर एक लहानसा तेलकट डाग उठला.