काकू, तुम्ही नका सांगू

"काका, छत्री म्हणजे काय?" बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी कार्ड पुढे धरलं.

"पा… पाऊ…" ह्यांची जीभ अडली.

"पावसात डोक्यावर धरतात ती!" मी म्हणाले.

"काकू, तुम्ही नका सांगू."

लकवा मारल्यापासून ह्यांचं प्रत्येक वाक्य मीच पुरं करत होते. खरं सांगायचं तर त्याआधीही. मी पदर तोंडाशी धरून बसले. खलबत्ता, न्यायाधीश, भूक… एकेका कार्डाला हे घामाघूम होत होते आणि माझी जीभ नुसती वळवळत होती.

"शांतता म्हणजे काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही… माहेरी… गेली की… असते ती."

मॅडमना हसू आवरेना. एरवी मी आठवडाभर अबोला धरला असता. पण दुखण्यानंतरचं हे पहिलं अख्खं वाक्य होतं.

"अहो," मी म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा ना."