दौलतरावांची पाणपोई

त्या वैशाखात दौलतराव बागाईतदारांनी मंगरूळपीरच्या वाटेवर पाणपोई घातली होती आणि तिथं ते स्वतः बसत. गावकुसाबाहेरच्या माणसांना ते लांबूनच, बांबूच्या पन्हळीतून पाणी देत.

एका दुपारी आसेगावहून सरपणाची मोळी घेऊन आलेली ठकूबाई मोळी उतरवून पन्हळीखाली ओंजळ धरून बसली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"मांगं सरक! तुही सावली रांजनावर पडून राह्यली," दौलतराव खेकसले. ती मागं सरकली.

दौलतरावांनी गालातली तंबाखू बोटानं खरवडून काढली, बाजूला झटकली, बोटं धोतराला पुसली आणि तोच हात मनगटापर्यंत रांजणात घालून तांब्या भरला. पन्हळीतून आलेल्या पाण्यात तंबाखूचे काळे कण होते.

ठकूबाईनं ते कण पाहिले. तिनं ओंजळ सोडून दिली आणि मोळी पुन्हा डोक्यावर घेतली.

"काहून वं? पानी नाई पाह्यजे?"

ठकूबाईनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

 

"नाई मालक. मले इटाळ होईल."