भिंगरीची सुरई

"भांडं तांब्याचंच आहे ना, ताई? नक्की?" पाणी तपासणाऱ्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे काय! माझ्या बाबांनी स्वतः घडवलंय."

"मग रात्रभर ठेवलेल्या पाण्यात तांबं उतरायला हवं होतं. यात तुमच्या नळाच्या पाण्यात असतं तेवढंच आहे. आलं का लक्षात?"

तिच्या काहीच लक्षात आलं नाही.  सहा दिवस तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना गोळ्या मोजून देणारी बाई ती. तिथेच एका मासिकात तिने वाचलं, की पाण्यातून पोटात गेलेलं तांबं स्मृतिभ्रंशात भर घालत असावं, अशी काही संशोधकांना शंका आहे.  बाबांना घरी आणल्यापासून गेली तीन वर्षं ती रोज सकाळी त्यांना त्या सुरईतलं पाणी पाजत होती. दोन पेले, अगदी औषधासारखे. तांब्यातलं पाणी चांगलं, असं सगळेच म्हणत होते ना! आणि या तीन वर्षांत बाबा रस्ता विसरले, जेवलेलं विसरले, शेवटी तिलाही विसरले. आता तिला ते 'अहो बाई' म्हणत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "अहो, उंदरांवरचे प्रयोग आहेत ते. माणसांचं खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. उगाच स्वतःला बोल लावू नका." पण मन कुठलं ऐकतंय! तिने त्याच दिवशी, मंगळवारी, सुरई माळ्यावर लपवली. तेव्हापासून बाबा घरभर काहीतरी शोधत होते. काय शोधताय म्हटलं तर कावरेबावरे होत. आज सोमवारी अर्धी सुट्टी टाकून ती भरलेली सुरई पिशवीत घालून इथे आली होती.

त्या माणसाने सुरई रिकामी केली आणि तिच्या अरुंद गळ्यातून विजेरीचा झोत सोडला. "हे बघा. आतून कल्हई आहे. चांगला जाड थर आहे कथलाचा. पाणी तांब्याला लागतंय कुठे?"

तिने डोळा लावून पाहिलं. आत पांढरंशुभ्र. पण हे कसं शक्य होतं? बाबांनी ही सुरई तिच्या लग्नात द्यायला घडवली होती, आणि लग्नाच्या गडबडीत कल्हई राहिलीच होती. "एकदा आण गं, दहा मिनिटांचं काम आहे," बाबा किती वर्षं म्हणत होते. तिने आज नेते, उद्या नेते करत कधीच नेली नव्हती.

ती तडक धाकट्या काकांच्या भांड्यांच्या कारखान्यात गेली. कारखाना कसला, बाबांनी चाळीस वर्षं ठोकाठोकी केली ती एक लांबट खोली. ती कामावर गेली की काका बाबांना इथे घेऊन येत आणि ती परतायच्या आत घरी सोडत. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. तिने पिशवीतून सुरई काढली मात्र, ते ताडकन उठले.

"अहो बाई, आणा ती इकडे! भिंगरीची आहे. कल्हई राहिलीय तिची."

भिंगरी म्हणजे तीच. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. बाबा तिला विसरल्यापासून ते तिने ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

काकांनी भट्टी पेटवून दिली. बाबांनी सांडशीत सुरई धरून तापवली, आत नवसागर टाकला, कथील सोडलं आणि सुरई गोल गोल फिरवू लागले. पांढरा धूर उठला. हात जरासुद्धा चुकत नव्हता.

"काका, हे आधीही केलंय यांनी?"

"आधी? अगं, दर सोमवारी बगलेत मारून घेऊन येतो! तू त्याला घरी नेलंस, त्याच आठवड्यापासून. तुला वाटायचं नुसता बसायला येतो, नाही का?"

"दर सोमवारी? एक कल्हई कितीतरी महिने पुरते ना?"

"पुरते, पण तुझ्यापुढे? रविवारी लिंबू-मीठ लावून लांब ब्रशने आतून घासतेस ना? दादा सांगतो, बाई फार घासते म्हणून." काका गालातल्या गालात हसले. "तू रविवारी खरवडतेस, तो सोमवारी चढवतो. मी म्हणतो, दादा, गेल्या सोमवारीच केलीस की. तो म्हणतो, छे, राहूनच गेलीय. बरंच झालं म्हणायचं. विसरला नसता, तर एकदाच करून गप्प बसला असता."

तिला आधी हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तिने बाबांना काही केलं नव्हतं. काहीसुद्धा नाही!

बाबांनी सुरई बादलीत बुडवून थंड केली, शर्टाच्याच टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली. तिच्या रडण्याकडे त्यांनी जरा नवलाने पाहिलं.

"अहो बाई, भिंगरी भेटली तर निरोप द्या तिला. म्हणावं, खुशाल पी आता पाणी. काही भीती नाही."