इलाहीच्या शेजारची जागा

"धर, हात धर माझा," गुडघ्याला प्लास्टर घातलेला संपत खुर्चीतूनच म्हणाला.

कबड्डी संघाचे बचावपटू एकामागून एक जायबंदी झाले होते. संध्याकाळच्या सामन्यात कोपऱ्यातल्या इलाहीचा हात धरून कोण उभं राहणार, हे सरांनी संपतवरच सोपवलं होतं. इतकी वर्षं ती जागा त्याचीच होती.

रांगेतल्या पहिल्या खेळाडूनं संपतची बोटं पार आवळली. "जोर काय, बैलालाही असतो. पुढचा ये!" दुसऱ्याचा हात मात्र त्याला सोडवेना. शेवटी संपतनं त्याला जवळ ओढून कानात सांगितलं, "चढाईवाला कोपऱ्याकडे वळला, की इलाहीचा हात दोनदा दाब. तो झेपावतो."

ही खूण आजवर सरांनाही ठाऊक नव्हती.

संध्याकाळी चढाईवाला कोपऱ्याकडे वळला, तशी बाकावरच्या संपतनं कुबडीची मूठ दोनदा दाबली. त्याच क्षणी मॅटवर इलाही झेपावला. गडी बाद! सगळं स्टेडियम उभं राहिलं. इलाहीनं नेहमीसारखी शेजारच्याला कडकडून मिठी मारली.

संपतनं कुबडीची मूठ अजून सोडली नव्हती.