व्हॉल्व्हवरचं कुलूप

शांताराम फिटर भोपाळला कोलार रोडवरच्या घरी पोहोचला, बायकोने ताट वाढलं, तोच दारात रिफायनरीची गाडी आली. खिशातली किल्ली हाताला लागली आणि तो ताटावरून तसाच उठला. आत माणूस असताना कोणी तेल सोडू नये म्हणून टाकीत उतरणाऱ्याने तेलाच्या व्हॉल्व्हला आपलं कुलूप लावायचं आणि वर आल्यावर स्वतःच काढायचं, हा विस्तारप्रकल्पाच्या प्रमुख शर्वरीमॅडमचा नियम. शांताराम काढायलाच विसरला होता! तो रिफायनरीत पोहोचला तेव्हा नव्या युनिटच्या उद्घाटनाचे पाहुणे दोन तास ताटकळले होते. ठेकेदार कटर घेऊन चडफडत होता, “कब से बोल रहा हूँ, काट देते हैं!” शांताराम ओशाळला. “मॅडम, माझ्यापायी एवढा खोळंबा! कापायचं होतं ना कुलूप.” शर्वरीमॅडम म्हणाल्या, “कापलं असतं हो. पण तुम्हाला समोर पाहिल्याशिवाय तेल सोडणार नव्हते.” त्याने कुलूप काढलं. आजवर त्याच्यासाठी बायकोच तेवढी जेवायला थांबायची. आज अख्खी रिफायनरी थांबली होती.